रंगाखालचे काम : लाकडी सामान घरी रंगवताना



मागील अंक हाती पडल्यावर आपल्या मंडळीतील एका ज्येष्ठ बंधूंचे पत्र आले. त्यांनी साडेतीन वर्षांपूर्वी आमच्या वसतिगृहाला सहा बाक आणि अभ्यासाचे एक टेबल दिले होते. टेबल त्यांच्या दिवंगत पत्नीचे होते. त्या शिक्षिका होत्या आणि त्याच टेबलावर त्यांनी आयुष्यभर वह्या तपासल्या होत्या. आता त्यांना एक कपाट आणि दोन खुर्च्या पाठवायच्या आहेत. पत्रात त्यांनी लिहिले आहे, "या वेळी रंग मी इथेच, घरी देऊन पाठवतो. कसा द्यायचा ते सविस्तर कळवा. पत्रिकेत लिहिलेत तर इतरांनाही उपयोग होईल."

"या वेळी" या दोन शब्दांचा अर्थ मला ठाऊक आहे. म्हणून आधी आमची चूक सांगते, मग पद्धत.

आमची चूक

ते सहा बाक आले तेव्हा ऑगस्ट होता. सातपुड्याच्या पायथ्याशी आमच्याकडे त्या दिवसांत कपडेसुद्धा दोन-दोन दिवस वाळत नाहीत. स्वातंत्र्यदिनाला पाहुणे येणार होते आणि बाकांवर फार जुना निळा रंग होता. मी बाजारातून हिरव्या ऑइल पेंटचे डबे आणले. मोठ्या मुलांना हाताशी घेऊन बाक ओल्या फडक्याने पुसले आणि दोन दिवसांत दोन जाड हात मारले. टेबलाच्या चकचकीत पॉलिशवरही तोच रंग दिला. पंधरा ऑगस्टला सगळे सुंदर दिसत होते. फोटोही छान आले.

मार्चपर्यंत त्या रंगाला पोपडे धरले. लसणाच्या सालीसारखा तो सुटू लागला. अभ्यासाला बसलेली मुले नखांनी त्याच्याशी खेळत. एके संध्याकाळी पहिलीतल्या एका मुलीच्या ओठावर मला निळा-हिरवा कपचा दिसला. तो हिरव्याखालचा जुना निळा रंग होता. जुन्या रंगांत शिसे असू शकते, हे मी कुठेतरी वाचले होते आणि विसरले होते. ते त्या क्षणी आठवले. तिला दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना दाखवले. ती ठीक आहे. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. सगळे बाक आम्ही लगेच खोलीबाहेर काढले.

मे महिन्यात ते ज्येष्ठ बंधू भेटीला आले. पोपडे निघालेल्या टेबलावरून त्यांनी एकदा हात फिरवला आणि काही न बोलता चहा घेतला. मी त्यांची क्षमा मागितली. त्यानंतर आमच्या पावरा वस्तीतील सुतारदादांना बोलावले. त्यांनी बाक उलटा केला, पायांची काळी पडलेली टोके दाखवली आणि म्हणाले, "ताई, वर कोट घातला, पण पायात चप्पलच नाही. अन् कोट तरी कशावर घातला? मळावर."

त्यांच्या देखरेखीखाली, पावसाच्या आधी, आम्ही सगळे काम पुन्हा केले. त्याला आता तीन पावसाळे झाले. एकाही बाकाचा रंग सुटलेला नाही. ती पद्धत अशी.

१. आधी सामान तपासा

लाकूड हलत असेल तर रंग टिकत नाही. खुर्ची डुगडुगत असेल तर सांध्याजवळचा रंग पहिल्या महिन्यातच तडकतो. म्हणून सैल सांधे उघडून, जुना डिंक खरवडून, पांढरा फेविकॉल लावून दोरीने घट्ट आवळून ठेवा. वर आलेले खिळे ठोकून डोकी पृष्ठभागाच्या किंचित खाली न्या.

मग बारीक भोके पाहा. भोकांखाली पिठासारखा भुसा पडत असेल तर आत किडा जिवंत आहे. वरून रंग दिला तरी तो रंग पोखरून बाहेर येतो. हार्डवेअरच्या दुकानात लाकडाच्या किडीसाठी द्रव मिळतो. डब्यावरील सूचना वाचून, हातमोजे घालून तो भोकांत सोडा. भुसा पडणे थांबेपर्यंत ते सामान रंगवू नका आणि आमच्याकडे पाठवूही नका. एका कपाटातून कीड साऱ्या खोलीत पसरते.

२. ऋतू आणि जागा

लाकूड हवेतील ओल पिऊन फुगते आणि कोरड्या दिवसांत आकसते. पावसाळ्यात टेबलाचा खण अडकतो आणि उन्हाळ्यात सहज निघतो, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. फुगलेल्या, ओलसर लाकडावर रंग दिला की ओल आत कोंडली जाते आणि पुढे फोड येतात. दिवाळीनंतरपासून मेपर्यंतचा काळ या कामाला उत्तम. मात्र रखरखीत उन्हात रंगवू नका. वरची साय लगेच वाळते आणि आतला रंग ओला राहतो. सावलीची, वारा खेळणारी, पण धूळ न उडणारी जागा निवडा. ओसरी किंवा गॅलरी चालते. खोलीत काम करणार असाल तर खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळ चूल, गॅस किंवा उदबत्ती पेटती ठेवू नका.

३. धुणे

ही पायरी आम्ही गाळली होती. वापरातल्या सामानावर न दिसणारा तेलकट थर असतो. पलंगाच्या डोक्याकडील फळीवर वर्षानुवर्षांचे खोबरेल तेल, खुर्चीच्या हातांवर घाम, स्वयंपाकघरातल्या मांडणीवर फोडणीचा चिकटा. या थरावर कोणताच रंग धरत नाही. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा किंवा कपड्यांची पावडर घालून, फडके पिळून पुसा. नंतर दोनदा स्वच्छ पाण्याच्या फडक्याने पुसा, म्हणजे सोडा मागे राहणार नाही. बादलीने पाणी ओतू नका. नंतर एक-दोन दिवस सावलीत पूर्ण वाळू द्या.

४. जुना रंग आणि शिसे

जुना रंग पूर्ण काढायचा की नाही, हे एका सोप्या चाचणीने कळते. ब्लेडने रंगावर फुलीसारखी चीर द्या, त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबा आणि झटक्याने ओढा. पट्टीला रंग आला तर तो थर काढायलाच हवा. नवा रंग कितीही चांगला असला तरी खालच्या सैल थरासोबत तोही सुटणार. पट्टी स्वच्छ निघाली तर जुना रंग पायासारखा ठेवता येतो. त्याची फक्त चकाकी घासून घालवायची.

आता महत्त्वाचे. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशावर मर्यादा घालणारे नियम २०१६ मध्ये झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्यानुसार रंगात दर दहा लाख भागांत ९० भागांहून जास्त शिसे असता कामा नये आणि डब्यावर तसा उल्लेख हवा. त्याआधी रंगवलेल्या सामानात शिसे असेलच असे नाही, पण ते आहे असे धरूनच काम करावे. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला आणि शिकण्याच्या क्षमतेला बाधा आणते. ते पोटात जाते ते कपच्यांतून आणि धुळीतून.

म्हणून जुना रंग कोरडा घासू नका आणि जाळून काढू नका. पाण्यात वापरता येणारा वॉटरप्रूफ कागद ओला करून घासा, म्हणजे धूळ उडत नाही. खाली प्लास्टिक अंथरा, नाकातोंडावर चांगला मास्क लावा. लहान मुले आणि गरोदर स्त्रिया त्या जागेपासून दूर असू द्या. काम संपल्यावर हात-तोंड धुवा आणि कपडे वेगळे धुवा. खरवडलेले कपचे प्लास्टिकसकट गुंडाळून बांधून ठेवा आणि घातक कचरा म्हणून वेगळे द्या. ते अंगणात, परसात किंवा कोंबड्या चरतात तिथे कधीच झटकू नका. पाळण्याचा किंवा लहान मुलांच्या पलंगाचा जुना रंग फार सैल असेल, तर तो काढण्याचे काम घरी न करता जाणत्या माणसाकडे सोपवा.

५. घासणे

पॉलिश पेपरच्या पाठीवर आकडा असतो. आकडा लहान तेवढा कागद खरखरीत. उघड्या, ओबडधोबड लाकडाला आधी ८०, मग १२० आणि शेवटी १८०. जुना घट्ट रंग किंवा पॉलिश असेल तर १८० पुरेसा. पृष्ठभाग चमकदार न राहता सगळीकडे मंद दिसला पाहिजे. कागद लाकडाच्या लहान ठोकळ्याला गुंडाळून, लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासा. आडवे घासले तर पडलेले ओरखडे रंगातूनही दिसतात.

धारदार कडा किंचित गोलसर करा. ओला रंग धारेवरून मागे सरकतो आणि तिथे थर सर्वांत पातळ बसतो. म्हणून बाकाचा रंग नेहमी कडेला आधी उडतो. गोल कडेवर रंग टिकतो, आणि मुलांच्या गुडघ्यांनाही ती बरी. घासून झाल्यावर सगळी धूळ ब्रशने झाडा आणि टर्पेंटाइनमध्ये किंचित भिजवलेल्या फडक्याने पुसून घ्या.

६. गाठी, अस्तर आणि लांबी

पेट्यांच्या देवदारासारख्या लाकडात गाठी असतात. त्यांतून राळ झिरपते आणि पांढऱ्या रंगावर काही महिन्यांनी पिवळे डाग उमटतात. त्यावर जुना उपाय म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडी गाठीवर दोनदा लावणे. चपडी म्हणजे लाखच. पळस, कुसुम, बोर या झाडांवरील लाखेच्या किड्यांपासून ती मिळते आणि मध्य भारतातील कितीतरी आदिवासी कुटुंबे ती गोळा करून चार पैसे मिळवतात. दुकानातल्या त्या लहान पुडीमागे कोणाचे तरी रानातले श्रम आहेत.

त्यानंतर अस्तर, म्हणजे लाकडाचा प्रायमर. तो डब्यावर सांगितल्याप्रमाणे पातळ करून, ब्रशने लाकडात जिरवून लावा. अस्तराचे काम दिसण्याचे नाही, धरण्याचे आहे. एका बाजूने ते लाकूड धरते आणि दुसऱ्या बाजूने रंग. रात्रभर वाळल्यावर खिळ्यांचे खड्डे आणि भेगा लांबीने भरा. लांबी सुकली की खाली बसते, म्हणून खोल खड्डा दोनदा भरा. मग १८० च्या कागदाने सपाट करा आणि लांबी भरलेल्या जागी पुन्हा अस्तर द्या. हे विसरलात तर ती जागा रंग शोषून घेते आणि तिथे निस्तेज ठिपका राहतो.

७. रंगाचे हात

भिंतीचा उरलेला रंग बाकाला किंवा टेबलाला देऊ नका. उन्हाळ्यात तो चिकट होतो, त्यावर ठेवलेली पुस्तके चिकटतात आणि मळ आत शिरतो. बसायच्या आणि लिहायच्या सामानाला इनॅमलच हवा. ऑइल इनॅमल टणक होतो, पण त्याचा वास असतो आणि तो सावकाश वाळतो. पाण्यातला इनॅमल लवकर वाळतो आणि त्याचा वास कमी, म्हणून घरातल्या खोलीत काम करणाऱ्यांना तो सोयीचा. दोन्हींपैकी कोणताही घ्या, पण त्याला जुळणारेच अस्तर वापरा. एका टेबल-खुर्चीच्या जोडीला एक लिटर पुरून उरतो.

डबा तळापासून ढवळा. रंगाचे घन कण खाली बसलेले असतात. लागेल तेवढाच रंग वाटीत घ्या. सामान उलटे करून आधी खालची बाजू आणि पाय रंगवा. नंतर सुलटे करून वरची बाजू. ब्रशचे टोकच बुडवा, आणि शेवटचा फटकारा रेषांच्या दिशेने हलका घ्या.

एका जाड हातापेक्षा दोन किंवा तीन पातळ हात चांगले. जाड थरावर साय धरते, आतला रंग कोंडतो आणि मग सुरकुत्या पडतात. आमच्या बाकांवर नेमके हेच झाले होते. प्रत्येक हातानंतर रात्रभर थांबा, ३२० च्या कागदाने अलगद घासा, धूळ पुसा आणि मगच पुढचा हात द्या.

खणाच्या बाजू आणि तो सरकतो त्या पट्ट्या जाड रंगवू नका, नाहीतर पावसाळ्यात तो उघडणारच नाही. तिथे पांढरी मेणबत्ती घासा.

ऑइल पेंटची किंवा जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून ढीग करून ठेवू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती दोरीवर मोकळी पसरून पूर्ण वाळू द्या.

८. आतून आणि बाहेरून

उत्पत्तीच्या ६ व्या अध्यायात नोहाला लाकडी तारू आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून डांबराने लिंपायला सांगितले आहे. ईश्वरविज्ञानाचा अभ्यासक्रम करताना मी तो अध्याय कितीदा तरी वाचला, पण "आतून" हा शब्द माझ्या डोळ्यांखालून नुसता निघून गेला. सुतारदादांनी बाक उलटा केला तेव्हा तो मला दिसला.

फळीला वरूनच रंग दिला तर ती खालून ओल पीत राहते. एक बाजू फुगते, दुसरी फुगत नाही; फळी वाकते आणि वरचा रंग तडकतो. निदान अस्तर आणि रंगाचा एक हात तरी खालच्या बाजूला, मागच्या फळीला आणि कपाटाच्या माथ्यावर द्यावाच.

सर्वांत तहानलेली जागा म्हणजे पायांची टोके. झाड उभे असताना ज्या नळ्यांनी पाणी वर चढत होते, त्यांची कापलेली तोंडे तिथे उघडी असतात. रोज फरशी पुसली जाते आणि ती तोंडे पाणी ओढून घेतात. सुतारदादा म्हणतात, "झाड तोडलं, पण त्याची तहान गेली नाही." म्हणून टोकांना अस्तराचे दोन-तीन हात जिरवा, वर रंग द्या आणि खाली रबरी बूच बसवा. प्लायवूडच्या उघड्या कडांनाही हीच काळजी हवी.

९. वाट पाहणे

रंग हाताला लागत नाही म्हणजे तो तयार झाला असे नाही. ऑइल इनॅमल काही तासांत कोरडा वाटतो, पण पुरता टणक व्हायला आठवडा आणि थंडीत त्याहून जास्त लागतो. न दिसणाऱ्या जागी अंगठ्याचे नख दाबून पाहा. खूण उमटली तर अजून थांबा. तोवर वर काही ठेवू नका आणि एकावर एक रचू नका.

सगळे मिळून एका टेबलाला आठ-दहा दिवस लागतात. त्यांत हातात ब्रश असण्याचा वेळ जेमतेम दोन-तीन तास. उरलेला वेळ धुण्यात, घासण्यात आणि थांबण्यात जातो. आम्ही पहिल्यांदा ते दोन-तीन तासच केले होते, आणि बाकीचे दिवस पुढच्या उन्हाळ्यात दुप्पट कष्टाने भरून द्यावे लागले.

पाठवताना

ज्यांना सामान पाठवायचे आहे त्यांना चार विनंत्या. उरलेला थोडा रंग घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून, रंगाचा प्रकार आणि शेड क्रमांक चिठ्ठीवर लिहून सोबत द्या; दर उन्हाळ्यात उडालेल्या जागा आम्ही लगेच भरू शकतो. जुना थर काढला की ठेवला, तेही लिहा. रंग दिल्यावर किमान पंधरा दिवसांनीच सामान गाडीत चढवा आणि रंगावर थेट प्लास्टिक न गुंडाळता जुनी चादर गुंडाळा. आणि एवढे करणे जमणार नसेल, तर रंग न देताच पाठवा. वाईट रंगवलेले सामान पुन्हा रंगवण्यापेक्षा न रंगवलेले रंगवणे आम्हाला सोपे जाते. आता मोठी मुले सुतारदादांच्या हाताखाली हे काम शिकली आहेत.

त्या शिक्षिकाबाईंच्या टेबलाचा हिरवा रंग आम्ही पूर्ण काढला. खाली सागवान निघाले. एका कोपऱ्यात लाल शाईचा जुना डाग लाकडात खोल मुरला होता. सुतारदादा तो घासून काढणार होते, मी नको म्हटले. त्यावर नुसते पारदर्शक वार्निश दिले, तीन पातळ हात, वर आणि खाली. आज त्या टेबलावर दहावीच्या मुली अभ्यास करतात. आपले ज्येष्ठ बंधू कपाट घेऊन येतील तेव्हा तो डाग त्यांना दाखवायचा आहे.

प्रभूच्या सेवेत,
आपली बहीण